तळ्याचा गाळ, सरांची सही

तळ्यात गाळ साचतो तसे आमच्या कॉलेजात किस्से साचतात. फरक एवढाच, की गाळ बिचारा गप्प बसतो!

मी बंगळुरात बीएस्सीच्या पोरांना तळ्यांचा इतिहास शिकवते. तळात पाइप ठोकायचा, गाळाचा उभा दांडा बाहेर काढायचा आणि वाचायचा. जितकं खोल, तितकं जुनं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "इतिहास हवा तर आर्ट्सला जा, मॅडम!" मी उलट बोलले नाही. यालाच संयम म्हणतात म्हणे! कोर्स एकच सेमिस्टर, ट्रायलवर. पुढे चालणार की नाही, ते याच सरांच्या सहीवर.

*

पहिल्याच दिवशी तळ्याच्या काठावर फिरायला आलेले एक अज्जा, म्हणजे इथले आजोबा, थांबले.

"काय हरवलं?"

"काही नाही अज्जा, चिखल काढतोय. कॉलेजचा अभ्यास."

"फी भरून?"

*

एका ग्रुपनं पाइपवर वरची बाजू दाखवणारा बाण काढलाच नाही. लॅबमध्ये दांडा उलटा वाचला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पूर्वी या तळ्यात शाम्पूच्या पुड्या फार होत्या. अलीकडे तळं स्वच्छ झालं आहे.'

सर जाम खूश! "हे नोटीस बोर्डावर लावा!"

*

गाळ गार ठेवावा लागतो. फ्रिज एकच, स्टाफरूममधला. सरांनी दार उघडलं आणि नाक धरलं.

"हा वास कधीपासूनचा?"

आमचा नागपूरचा निखिल प्रामाणिक. "खालच्या टोकाचा ना सर? साधारण तुमच्या जन्माच्या वेळचा!"

त्या दिवशी मी सहीची आशा सोडली.

*

सेमिस्टरच्या शेवटच्या दिवशी पोरं लॅबमध्ये असतानाच सर आले. दार लावून घेतलं. रुमालातून एक बाटली काढली. आत काळा चिखल.

"सर्जापूर रोडला फ्लॅट घेतलाय. पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी. बिल्डर म्हणतो, इथे कधी तळं नव्हतंच. मागे खड्डा खणून हे आणलंय. बघता जरा?"

माझ्या जिभेवर चार टोमणे तयार होते. पण सरांच्या नखांत चिखल होता. स्वतः खणला होता माणसानं. मी टोमणे गिळले.

वर्गातल्या काव्यानं थेंबभर चिखल मायक्रोस्कोपखाली धरला. तळ्याच्या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळांची बारीक, काचेसारखी कवचं. खच्चून भरलेली.

"सर... तळंच आहे हे."

सरांनी स्वतः डोळा लावला. मग खिशातून पेन काढून कोर्सच्या कागदावर सही केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दाराशी जाऊन सर वळले.

"पण माझा फ्लॅट विकला जाईपर्यंत सर्जापूर रोडला पाइप ठोकायचा नाही!"