धुळ्याला रूळ संपतो

परवा गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने दगडी कोळसा पेटवला आणि त्या वासाने मला थेट धुळे स्टेशनात नेऊन बसवलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दिवाळीचं माहेरपण संपवून भाऊ मला सासरी पोचवायला आला होता. चाळीसगावहून येणारा रूळ धुळ्यातच संपतो. सगळे उतरले, डब्यात शेंगांची टरफलं तेवढी राहिली, आणि मी खिडकीचे गज घट्ट धरून बसले. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडायला निघालं होतं. हीच गाडी आता उलटी घराकडे जाणार, एवढंच डोक्यात होतं. "बठ्ठा उतरी ग्यात, बाई. उतर आते," भाऊ म्हणाला. मी बांगड्या मागे सारल्या आणि सासूने दिलेल्या चटक्याचा डाग त्याच्यापुढे धरला. दिवाळीभर आईपासून लपवला होता तो. "भाऊ, माले घर लई चाल. गोठामा राहसू मी." त्याने डाग नीट पाहिला. मग तोंड फिरवून म्हणाला, "धाकलीनं लगन बाकी शे." माझी ट्रंक उचलून तो खाली उतरला, त्याच्यामागे मीही उतरले. बाहेर दीर टांगा घेऊन आला होता, म्हणून भाऊ त्याच गाडीने परत गेला, माझ्याच जागेवर बसून. वैशाखात धाकटीचं लग्न थाटात झालं. त्या लग्नाच्या फोटोत माझी नात अजून मला शोधते. सापडणार कुठून? सासरच्यांनी पाठवलंच नव्हतं.