बाईंची अर्धी कार्डं

आमच्या चित्रकलेच्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला पुरं झालेलं कार्ड दिलं नाही. वाढदिवस असो की बारसं, परंड्यात त्यांचं कार्ड ज्याच्या हाती पडे, त्याला ते अर्धंच मिळे. खोडरबरावर ब्लेडनं कोरलेला ठसा त्या शाईच्या पॅडवर दाबत, जाड कागदावर उमटवत आणि तसाच कोरडा पाकिटात घालत. भाचा पुण्याहून पाठवी ती ही शाई. तिच्यावर पाणी पडलं की ती पसरायची, काळ्यातून जांभळा, तपकिरीतून गुलाबी असे भलतेच रंग फुटायचे. पण पाणी शिंपडायचं ते कार्ड मिळालेल्यानं.

"सगळं मीच केलं, तर तुमचं काय ऱ्हायलं त्यात?" असं त्या म्हणत.

शेजारच्या एका निवृत्त कारकुनांनी हौसेनं अख्खा तांब्या ओतला. कार्डाचा चिखल झाला, तो घेऊन ते तक्रार करायला आले. बाई म्हणाल्या, "अवो, भाकरीला तव्यावर लावतेत तेवढं पाणी! म्हैस धुतेत तेवढं न्हाय!" आणि लगेच दुसरं करून दिलं. रागावल्या की त्यांचा हात सढळ होई.

कार्ड पोचल्यावर चार दिवसांनी फोन ठरलेला. "काय फुटलं गं?" मग कडेला कुठला रंग गेला, मधे काय राहिलं, सगळं खोदून विचारत. आम्हा जुन्या विद्यार्थिनींना त्याचा कधीकधी कंटाळाही यायचा. खोटं कशाला बोलू?

मी पुण्यात घर घेतलं तेव्हाही कार्ड आलं. सामान लावण्याच्या धांदलीत पाकीट तसंच खणात गेलं. फोन आला आणि मी बेधडक ठोकून दिलं, "जांभळा फुटला, बाई. लई सुंदर!"

कडेला काय, मधे काय, हे त्यांनी या वेळी विचारलंच नाही. नुसतं म्हणाल्या, "बरं, बरं. कामाची माणसं तुम्ही. सवड झाली की परत एकदा बघ." सुटले एकदाची, असं वाटून मी फोन ठेवला.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. हार्टचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत. परंड्याहून परत आले त्या संध्याकाळी मी खण उपसून पाकीट काढलं आणि पहिल्यांदा फोडलं. आत ज्वारीचं कणीस होतं, नुसत्या हळदीसारख्या पिवळ्या शाईतलं. त्या पिवळ्याचा फार तर केशरी होतो. जांभळा त्यातून कधीच फुटत नाही, हे आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं.

म्हणजे माझं खोटं त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला फार लाज वाटली.

मग बोटं बुडवून पाणी शिंपडलं. कणसाच्या एका कडेनं केशरी हळूहळू सरकत गेला, खाली देठाशी थोडा पिवळा तसाच राहिला. सगळं नीट बघून घेतलं. आता विचारलं असतं तर खरं खरं सांगता आलं असतं. विचारणारं माणूस तेवढं राहिलं नव्हतं.