फेस्टसचं काही खरं नाही

किलकॉरनमधल्या इतर बायकांना संधिवात होता, डीलिया हॅनिफीला निवडणूक होती. कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, आणि अंड्यांच्या टोपलीच्या निमित्ताने गावातल्या एकूण एक स्वयंपाकघरात शिरून फेस्टस गिल्व्हरीचा प्रचार करून यायची. अंडी दोन मिनिटांत संपत. फेस्टस तासभर चाले.

फेस्टस हा किलकॉरनचा पहिला आणि एकुलता एक खासदार. डीलियाच्या शेजारचा, गुडघ्याएवढा असल्यापासून तिने पाहिलेला. त्याने गावाला टेलिफोनचा बूथ आणला, चर्चपर्यंत डांबर आणलं आणि म्हाताऱ्यांची अडकलेली पेन्शन सोडवली. तो डब्लिनला बसलाय म्हणजे आपणच बसलोय, असं डीलियाला मनापासून वाटायचं.

आता आमच्या आयर्लंडमधला प्रकार असा, की एका मतदारसंघातून तीन माणसं निवडून जातात. नावांपुढे एक, दोन, तीन असे आवडीचे आकडे घालायचे. ज्याला तुम्ही एक दिला त्याच्याकडे मतं जास्त झाली किंवा तो बाद झाला, तर मोजणीच्या पुढच्या फेरीत तुमचं मत दोनवाल्याकडे सरकतं. पद्धत गोड आहे. पण पक्ष दोन-दोन माणसं उभी करतो, मग विरोधक राहतात बाजूला आणि आपलाच जोडीदार आपल्या मुळावर येतो. फेस्टसचा जोडीदार होता ड्रमलाहन शहरातला वकील, कॉर्मॅक टिअर्नी. देखणा, तरुण, दातांची छान ठेवण असलेला.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये निवडणूक लागली आणि डीलिया टोपली घेऊन निघाली.

"यंदा फेस्टसचं कसं काय गं?" लोक विचारत.

"फेस्टसचं? अगं, त्याने घरात पाय पसरून बसावं! पहिल्याच फेरीत पार. कोण अडवतंय त्याला?"

प्रत्येक घरात तेच. अभिमानाने तिचा ऊर भरून यायचा आणि जीभ सैल सुटायची. नवरा मॅलॅकी एकदा म्हणाला, "जरा बेताने सांग." ती म्हणाली, "तू गप चहा पी."

मोजणीच्या दिवशी ती ड्रमलाहनच्या सभागृहात लाकडी कठड्याला रेलून उभी राहिली. पलीकडे पेट्या फोडून मतपत्रिका सुलट्या मांडतात आणि अलीकडून पक्षाची माणसं पेन्सिलीने खुणा करत जातात. कुठल्या गावाने काय केलं, ते तिथे झाकून राहत नाही. किलकॉरनची पेटी फुटली. पहिल्या कागदावर टिअर्नी एक, फेस्टस दोन. दुसऱ्यावर टिअर्नी एक, फेस्टस दोन. पुढे तेच.

गावाने फेस्टसला टाकलं नव्हतं. गावाने भलेपणा केला होता. आपला माणूस तर येतोच आहे, मग बिचाऱ्या वकिलाला का नाही द्यायचा एक? घरटी एकाने फेस्टसला दिला आणि बाकीच्यांनी दानधर्म केला. टिअर्नीला ती मतं जेमतेम पुरली, वर काही उरलं नाही, त्यामुळे फेस्टसचे सगळे दोन कागदावरच राहिले. फेस्टस पडला.

रविवारी चर्चबाहेर जो तो शपथेवर सांगत होता, "मी फेस्टसलाच एक दिला." डीलियाने पेटी पाहिलेली. घरी आल्यावर तिने मॅलॅकीकडे नुसतं बघितलं.

"तूच म्हणालीस ना, पहिल्याच फेरीत पार," मॅलॅकी पुटपुटला. "वकिलाने माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं गं."

"हात हातात घेतला म्हणून मत देतोस? लग्नात माझाही घेतला होतास, मला काय दिलंस?"

बोलली खरी, पण रागावणार तरी कोणावर? संध्याकाळी ती फेस्टसच्या शेतावर गेली. तो गवत परतत होता. "तुला मी पाडलं रे," ती म्हणाली. "माझ्या या तोंडाने."

फेस्टस दाताळ्यावर हात ठेवून उभा राहिला. "मला तर वाटलं, मी पहिल्याच फेरीत पार," तो म्हणाला. "तू मलाही तेच सांगितलं होतंस." आणि हसला. तो हसला म्हणूनच तिला जास्त लागलं. तिने तिथल्या तिथे ठरवलं, हा माणूस परत बसलाच पाहिजे. आपण उठवलाय, आपणच बसवायचा.

संधी वाटलं त्याहून लवकर आली. सरकार कोसळलं आणि फेब्रुवारीत पुन्हा मतदान ठरलं. डीलियाने अंत्यविधीला घालायचा काळा कोट काढला. टोपली घेतली. पहिल्याच घरी दारात उभी राहून नाकाला रुमाल लावला.

"काय झालं गं डीलिया? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. पण फेस्टसचं काही खरं नाही."

"तू म्हणतेस हे? मागच्या वेळी तर..."

"मागचं सोड. संपला बिचारा."

पहिली दोन घरं तिने नाटक केलं. स्वतःच्या माणसाला संपला म्हणताना तिच्या जिभेला चटके बसत होते. मनात येत होतं की ओरडून सांगावं, अगं, त्याच्यासारखा दुसरा नाही! पण ती ते गिळत होती. तिसऱ्या घरी पेन्शनवाली म्हातारी म्हणाली, "तो नसला तर आमचं कोण बघणार?" आणि डीलियाला अचानक खरोखरीच भरून आलं. रुमाल ओला झाला. तिथून पुढे तिला नाटक करावंच लागलं नाही. घराघरांतून ती रडत गेली, आणि ती रडली ही बातमी तिच्या पुढे पळत गेली. मॅलॅकीला तर तिने मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापर्यंत दंडाला धरून नेलं.

किलकॉरनची पेटी फुटली. फेस्टस एक. फेस्टस एक. फेस्टस एक. गंमत म्हणजे ड्रमलाहनच्या पेट्यांतूनही त्याचे एक निघत राहिले. अंधार पडायच्या आत फेस्टस निवडून आल्याचं जाहीर झालं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, मॅलॅकीने टोपी उडवली ती छताच्या दिव्यावर अडकली. डीलिया टाळ्या पिटत उड्या मारत होती, वयाची चाड न बाळगता. टिअर्नी या वेळी पडला होता.

कठड्याला तिच्याच शेजारी एक बाई उभी होती, डीलियाच्याच वयाची, हिरवी टोपी घातलेली.

"तुम्ही कोणाच्या?" डीलियाने विचारलं.

"कॉर्मॅकची आई."

डीलियाच्या टाळ्या थांबल्या.

"माझ्या बहिणीची पेन्शन गिल्व्हरींनी सोडवली होती," मिसेस टिअर्नी म्हणाल्या. "किलकॉरनची एक बाई दारोदार रडत हिंडतेय, असं आमच्या गल्लीत कळलं. कॉर्मॅक तर येणारच होता. मग मी एक गिल्व्हरींना दिला. गल्लीतल्या बऱ्याच जणींनी दिला." त्यांनी डीलियाच्या काळ्या कोटाकडे पाहिलं. "त्या तुम्हीच ना?"

"मीच."

"खोटं रडत होतात?"

डीलियाला पळून जावंसं वाटलं. जिंकल्याची एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती. "पहिल्या दोन घरी खोटं," ती म्हणाली. "पुढे खरं."

मिसेस टिअर्नींनी नाक पुसलं, टोपी सारखी केली. "मग चालेल," त्या म्हणाल्या. "खोट्या रडण्यासाठी मी पोटच्या पोराला पाडलं असतं, तर घरी गेल्यावर त्याला काय तोंड दाखवलं असतं?"

डीलियाने त्यांचा हात धरला, आणि मागे सगळे तिला हाका मारत असताना त्यांना घेऊन ती चहाच्या टेबलाकडे निघाली.