तिसऱ्या नंबरचा फेटा

आमच्या क्लबच्या मोटार शर्यतींत तो या वर्षी पहिल्यांदाच उतरला. उचगावात त्याचं खताचं दुकान आहे. शर्यत संपली की हेल्मेट काढण्याआधीच तो बोलायला लागतो, त्यामुळे त्याची पहिली दोन वाक्यं कुणालाच कळत नाहीत. हंगामभर तो शेवटून दुसरा-तिसरा येत होता. "ब्रेक कवा दाबायचा हे शिकण्यातच वरीस गेलं की," असं तो मोठ्यानं सांगतो.

शेवटच्या शर्यतीत तो तिसरा आला. त्याचं हे पहिलंच बक्षीस, म्हणून गावचे मित्र फेटा आणि हलगी घेऊन आले. तो मात्र आधी पंचांकडे गेला.

"वळणावर पिवळा झेंडा व्हता. तवाच मी म्होरच्याला मागं टाकलं."

पिवळा झेंडा असताना दुसऱ्या गाडीला मागे टाकायला मनाई असते.

"कुणाची तक्रार नाही," पंच म्हणाले.

"पर मला दिसलता की झेंडा."

त्याचा नंबर गेला.

"येडा हाईस का रं?" एक मित्र म्हणाला. हलगीवाला हलगी पिशवीत घालू लागला.

"ए, गुंडाळतोस काय? वाजीव की!" असं ओरडून त्यानं आता तिसऱ्या ठरलेल्या गड्याला समोर बसवलं आणि स्वतः फेटा बांधायला घेतला. फेटा नीट बसेना, म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधला.