पोरीची गॅलक्सी
कारखान्यातल्या मशिनच्या कूलंट ऑइलचा वास आला की मला निगडीच्या घरातली एक दुपार आठवते. तेव्हा मी आकाशातल्या दीर्घिकांवर, म्हणजे गॅलक्सींवर, संशोधन करत होते. लहान दीर्घिकांभोवतीही आणखी छोट्या, अंधूक दीर्घिका फिरत असणार, असं माझं गणित सांगत होतं. पण दुर्बिणीतून कित्येक महिने एकही दिसली नव्हती. संशोधन सोडून तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी धरायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. त्या दुपारी कांदा चिरताना निरीक्षणं घेणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, सापडली! तू म्हणाली होतीस तेवढीच पुसट." तेवढ्यात चाकणची पहिली शिफ्ट संपवून बाबा आले, अंगाला तोच तेलकट वास. मी दारातच सांगितलं. बूट काढता काढता ते थांबले. "मग ती आयटीची मुलाखत?" "नाही जात." ते लगेच कंपनीतल्या मित्राला फोन लावून ओरडले, "राव, आमच्या पोरीची गॅलक्सी सापडली!" पलीकडून काळजीचा आवाज आला, "आरं, पण हरवली कवा होती?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. आता मी तेच गणित विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्या काकांना द्यायचं सोपं उत्तर अजून शोधते आहे.