काडतुसं तिच्याकडं

बंदूक माझ्या नावावर होती. काडतुसं माझ्या बायकोकडं असायची. ती कुठं ठेवते ते मला माहीत नव्हतं. ती होती तोवर ते माहीत असायची गरजही पडली नाही.

आमचं गाव दिंडोरी आणि वणीच्या मधलं, सडकेपासून आत. मागं डोंगर. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि भुईमूग उकरून खायची. सकाळी जाऊन बघावं तर रान कुणी नांगरून ठेवल्यासारखं. डबे वाजवले, बुजगावणी केली, बायकोची जुनी लुगडी काठीला बांधली. डुकरं लुगड्याला भीत नाहीत. म्हणून पीक राखायला बंदुकीचा परवाना काढला. कलेक्टर कचेरीचे हेलपाटे सांगत बसत नाही. ज्यांनी घातले त्यांना ते माहीत आहेत.

बंदुकीचं दुकान नाशकात मेन रोडच्या आतल्या गल्लीत होतं. दुकानदार वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा. बायको सोबत होती, कारण तिला रामकुंडावर जायचं होतं. मी दुनळी मागितली. दुनळीच्या कडेला वेलबुट्टी कोरलेली होती, चांदीसारखी चमकायची. आमच्या बाजूच्या गावात एका पाटलाकडं तशी होती. मला तशी पाहिजे होती. दुसरं काही कारण नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "काय मारायचंय?"

"डुकरं."

"मारायचीत का हाकलायचीत?"

"हाकलली तरी पुरे."

"मग एकनळी घ्या. आवाजाला पळतात ती. दुनळी घेतली की माणूस एक बार काढतो आणि दुसऱ्या नळीत भरलेलं विसरतो. मग घरी येऊन खुंटीला लावतो. खाली पोरं खेळत असतात."

बायको डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीकडं बघत म्हणाली, "आणि एक चुकली तर दुसरी पण चुकंलच की ह्यांची. दगड मारून आंबा पडत नाय ह्यांच्यानं."

दुकानदार इतका हसला की चष्मा नाकावर आला. मी हसलो नाही. एकनळी घेतली.

दुकानदारानं ती आधी मोडली, म्हणजे मधल्या सांध्यातून उघडली, नळीत डोळा लावून बघितलं, आम्हाला बघायला लावलं आणि मग हातात दिली. म्हणाला, "कुणीही हातात देवो, बापानं दिली तरी, आधी मोडायची आणि आत बघायचं. रिकामी हाय असं कुणी सांगितलं तरी बघायचं." बायकोनं ती मुसळ उचलावं तशी उचलून बघितली. "जड हाय, पण झोक बरा हाय," म्हणाली. खांद्याला लावून मापून घ्या असं दुकानदार मला सांगत होता. माझा हात लांब, दस्ता तोकडा पडत होता. त्यानं दुसरी काढली. ती बसली.

मग मी काडतुसांचा कातडी पट्टा बघायला लागलो. कमरेला बांधायचा, रांगेनं काडतुसं खोवलेली.

"हे कशाला?" बायको.

"राहू दे. लागतो."

"कुणाच्या लग्नाला जायचंय काडतुसं कमरेला लावून? डुकरं काय बघतात का पट्टा?"

पट्टा राहिला. त्याऐवजी जाड कापडाची खोळ घेतली, नळी पुसायचा गज, तेलाची बाटली आणि फलालीनची फडकी. पैसे देताना दुकानदारानं शेवटची गोष्ट सांगितली. बंदूक कुलपात एका जागी, काडतुसं दुसऱ्या जागी. आणि दोन्ही जागा एकाच माणसाच्या हातात नकोत.

"मग काडतुसं माझ्याकडं," बायको म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं पुडकं पिशवीत टाकलं होतं.

तेव्हापासून तसं चाललं. बंदूक लोखंडी पेटीत, पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला. काडतुसं मागितली की ती पहिलं विचारायची, "कशाला? कुठल्या रानाला? गुरं कुठं बांधलीत? पोरगी कुठंय?" सगळ्याची उत्तरं मिळाली की म्हणायची, "जा, ओट्यावर बसा. मागं बघू नका." मी ओट्यावर बसायचो. थोड्या वेळानं ती पदराखालून दोन काडतुसं आणून द्यायची. दोनच. परत आलो की उरलेलं काडतूस घ्यायची, रिकामं टरफलही घ्यायची. थोडीशी घेऊन आलो असलो तर काडतूस मिळायचं नाही, रानात डुकरं नाचू देत.

गावात लोक चेष्टा करायचे. "सरकारनं परवाना नवऱ्याला दिला का बायकोला?" मी म्हणायचो, "बायकोला विचारून सांगतो."

पहिल्या दसऱ्याला एक भानगड झाली. दसऱ्याला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पुजतात. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. मी झेंडूची फुलं आणायला गेलो होतो. जाताना पेटीतून बंदूक काढून तिच्याकडं पुसायला दिली होती. परत आलो तर बाईनं बंदूक चिंच आणि राखेनं घासली होती, देवाची तांब्यापितळेची भांडी घासतात तशी. नळीतून तांब्याभर पाणी ओतून विसळली होती. पाटावर उन्हात उभी केली होती. लखलख करत होती. मी खूप ओरडलो. ती म्हणाली, "घाण होती आत. काळं काळं निघालं." आठ दिवसांत नळीला गंज धरला. नाशकात नेली तेव्हा दुकानदारानं डोक्याला हात लावला. मग त्यानं तिलाच समोर बसवून शिकवलं, गजाला फडकं कसं गुंडाळायचं, तेल किती, कोरडं फडकं किती वेळा. त्यानंतर बंदूक तीच पुसायची. माझ्यापेक्षा चांगली पुसायची.

एकदा भर दुपारी माझा थोरला भाऊ आला. सदरा फाटलेला, गालावर वळ. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्यानं त्याच्या कानाखाली वाजवली होती. चार लोकांत.

"बंदूक काढ," म्हणाला.

दुसऱ्याच्या हातात आपली बंदूक द्यायची नसते. परवान्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. पण आमच्यात वडील वारल्यावर थोरला भाऊ म्हणजे वडील. मी करगोट्याची किल्ली सोडली. पेटी उघडली. बंदूक काढली.

"काडतुसं?"

मी बायकोकडं बघितलं. ती भाकरी थापत होती, हात पिठाचे. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलली नाही. आमच्याकडं तशी रीत नव्हती. उठून दारात आली आणि अंगणात म्हैस बांधली होती तिच्याकडं बघून बोलली.

"ऐकलं का गं? काडतुसं सर्दलीत."

भाऊ मला म्हणाला, "तिला सांग, सर्दलेली चालतील."

बायको म्हशीला म्हणाली, "सर्दलेलं काडतूस फुगतं म्हणावं. नळीत अडकतं. आणि फुटलंच तर धरणाऱ्याच्या तोंडावर फुटतं. भाकरी गरम हाय. ती खायची तर खा म्हणावं."

"तुझी म्हैस लय बोलती रे," भाऊ म्हणाला.

"दूध पण देती म्हणावं," बायको म्हशीला म्हणाली.

भाऊ उभा राहिला. मग बसला. भाकरी आणि ठेचा खाल्ला, वरून दूध प्याला आणि ओट्यावरच आडवा झाला. दुपार कलली तेव्हा उठून घरी गेला. पुढं त्याच शेजाऱ्याबरोबर तो वणीच्या बाजाराला एका बैलगाडीत जायचा. दुसऱ्या दिवशी डुकरं आली तेव्हा तिनं मला दोन काडतुसं दिली. दोन्ही उडाली. सर्दलेलं काही नव्हतं.

बरीच वर्षं अशी गेली. पोरीचं लग्न झालं, ती चांदवडकडं दिली. भुईमूग गेला, द्राक्षाचे मांडव आले. मग बायकोच्या पोटात पाणी झालं. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात ठेवली. मी खाटेखाली झोपायचो. तिथं काडतुसांचं विचारायचं मला सुचलं नाही. सुचायचं कारण नव्हतं. ती म्हणायची, "मिरगाला वाल टोचा. मडकं फोडू नका, लिंपलेलं ओलं करून झाकण काढा." रोज म्हणायची. मी हो म्हणायचो. मला वाटायचं तापात बोलते आहे.

ती गेली. चैत्रात.

तेरावं झालं, पाव्हणे गेले, पोरगी राहिली. जावई न्यायला आला तर तिनं त्याला परत पाठवला. मला वाटलं आईसाठी राहते आहे. मग तिनं घर धुंडाळायला घेतलं. डबे, वळकट्या, कोठीतले दाणे, देव्हाऱ्याच्या मागं, गोठ्यातला कोनाडा. उतरंडीची गाडगी एकेक उतरवली. बियाण्याचं मडकं शेणमातीनं लिंपलेलं होतं, त्यावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवलं. मिरगाच्या आधी बियाण्याचं लिंपण कुणी मोडत नाही, किडे पडतात.

"बाबा, काडतुसं कुठंयत?"

"तुझ्या आईला माहीत."

"तुम्हाला खरंच माहीत नाय?"

"नाय."

"माझी शपथ?"

"शपथ कशाला? नाय म्हटलं ना."

"मग मी जात नाय."

"तुझी लेकरं हायत तिकडं. डुकरांचं बघतो मी, डबा वाजवीन."

"डुकरांसाठी नाय थांबले मी," ती म्हणाली.

मग मला कळलं. उगाच संशय घेते असं म्हणता आलं असतं, पण तसंही नव्हतं. त्या दिवसांत जेवणाला चव नव्हती, तंबाखूला नव्हती. सकाळ होते आहे हे दिसायचं, त्याचं पुढं काही व्हायचं नाही. मरायचं ठरवलं होतं असं नाही. काहीच ठरवलेलं नव्हतं. पोरगी ताट वाढायची, मी जेवायचो. ती म्हणायची आंघोळ करा, मी करायचो. पेटीची किल्ली करगोट्याला होती आणि ती कधी कधी माझ्या बोटांत असायची. मी ती कधी धरली ते मला कळायचं नाही. पोरीला कळायचं.

"मग बंदूकच घेऊन जा," मी म्हणालो.

"मला धरतील. परवाना तुमच्या नावावर हाय."

म्हणून दोघं नाशकाला गेलो. एसटीत खोळीकडं बघून कंडक्टर म्हणाला, "काय बाबा, तंबोरा का?"

"बंदूक," मी म्हणालो.

तो हसला. त्याला थट्टा वाटली.

दुकानदार आता वाकला होता. त्यानं बंदूक मोडली, नळीत बघितलं, बोट फिरवून वास घेतला.

"चांगली ठेवलीय. बाई पुसतात ना?"

"पुसायची."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग म्हणाला, "काडतुसं?"

"तिच्याकडं राहिली."

"ठीक. बंदूक इथं सांभाळून ठेवतो. परत कधी न्याल?"

"बघू."

स्टँडवर पोरीची गाडी आधी लागली. खिडकीतून म्हणाली, "सापडली तर त्याच दिवशी दुकानात द्या. घरात ठेवू नका."

"बरं."

"बरं नाय, हो म्हणा."

"हो."

घरी आलो. घरात मी आणि म्हैस. वैशाख कसा गेला ते आठवत नाही.

मिरग लागला तेव्हा कुंपणाच्या कडेनं वाल टोचायचा होता. ते काम बायकांचं, मी कधी केलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं म्हणून बियाण्याचं मडकं ओट्यावर आणलं, लिंपण ओलं केलं, झाकण काढलं. वर राख. राखेत वालाचे दाणे, घट्ट, एकालाही कीड नाही. हात खाली घातला तर कापड लागलं. तिच्या हिरव्या लुगड्याचं फडकं, गाठ मारलेलं. आत काडतुसं. राखेनं कोरडी ठणठणीत ठेवलेली, पितळेवर हिरवा डाग नाही.

मी ती ओट्यावर मांडली. हात करगोट्याकडं गेला. किल्ली होती. पेटी रिकामी होती. मी उठून पेटी उघडून बघितली, ती रिकामी आहे हे माहीत असून. आत तेलाचा वास होता आणि पुसायची फडकी घडी करून ठेवलेली होती. मग पेटी लावली.

दवाखान्यात ती वालाचं बोलत होती का काडतुसांचं, ते मी ठरवलेलं नाही. लोक विचारतात. मी अर्थ लावत नाही.

म्हैस रेकली. तिला पाणी पाजायचं राहिलं होतं. पाणी पाजलं. मग वाल घेऊन कुंपणाला गेलो, काठीनं भोकं पाडली, दोन दोन दाणे टाकले, माती लोटली. कुठं खोल पडले, कुठं वर राहिले.

दुपारची गाडी धरून नाशकाला गेलो. पोरीला हो म्हटलं होतं. काडतुसं दुकानदारापुढं ठेवली. म्हणालो, बंदूक विकून टाका, परवाना मला नको. तो म्हणाला, "घाई करू नका, विचार करा."

"आता काडतुसं द्यायला कोण हाय?" मी म्हणालो.

त्यानं काडतुसं मोजून आत ठेवली. फडकंही ठेवत होता.

"ते द्या परत," मी म्हणालो.

त्या पावसाळ्यात वाल निम्माच उगवला. डुकरंही आली. मी डबा घेऊन बांधावर गेलो आणि वाजवत बसलो.