कुत्र्यांसह उम्म अल कुवैनच्या खाडीत

शारजातल्या अल नहदाहून आम्ही निघालो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मागच्या सीटवर आमचे कुत्रे, राणी आणि टिंगू. राणी म्हातारी, रस्त्यावर सापडलेली. टिंगू वर्षाचाही नाही, दिसेल त्याच्यामागे धावणारा. इंग्लंडच्या कालव्यांवर लोक अरुंद, लांबट बोटींत कुत्र्यांसह राहतात, माणसाच्या चालीने गावोगाव फिरतात, हे मी आणि माझा नवरा विनय कितीतरी दिवस व्हिडिओत बघत होतो. पण दोन्ही कुत्र्यांना घेऊन तिथवर जाणं काही जमेना. मग विनयच्या ओळखीचे इक्बालभाई म्हणाले, "माझी बोट आहे की! यल्ला, चला, या."

इक्बालभाई मूळचे रत्नागिरीचे. दुबईतल्या देरा भागातलं दुकान मुलाकडे सोपवून त्यांनी मासेमारीची जुनी लाकडी बोट घेतली आणि तिच्यात छोटी खोली, बाकं, शेगडी बसवली. उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर त्यांनी आमचं सामान आत घेतलं आणि ते जरा घुटमळले.

"ताई, राग मानू नका. मी नमाजी माणूस. कुत्र्याची लाळ लागली तर कपडे धुवावे लागतात. त्यांना पुढे बसवाल?"

"अहो, त्यात राग कसला!"

खोर (खाडी) आत वळली आणि शहराचा आवाज मागे पडला. दोन्ही बाजूंना तिवरं, मधून हिरवट पाणी. बोट इतकी सावकाश चालली होती की काठावरचा बगळा उडायची तसदी घेईना. इक्बालभाईंच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण दिलं होतं. जेवून आम्ही नुसते बसून राहिलो. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. राणी फळीवर हनुवटी टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला एका वाळूच्या बेटाशी नांगर टाकला. कुत्र्यांना मोकळं सोडलं आणि टिंगू पक्ष्यांमागे सुसाट सुटला. वाळू संपून चिखल कुठे सुरू झाला ते त्याला कळलंच नाही. पोटापर्यंत रुतला आणि किंचाळू लागला. विनय धावला, तोही गुडघ्यापर्यंत गेला.

"थांबा!" इक्बालभाई ओरडले. "आणखी रुताल! मागे या!"

विनय कसाबसा बाहेर आला. तेवढ्यात भरतीचं पाणी चिखलावर चढू लागलं होतं. इक्बालभाईंनी बोटीतल्या फळ्या आणून चिखलावर टाकल्या. "ताई, तुम्ही सगळ्यांत हलक्या. आडव्या व्हा आणि सरकत जा. दोरी माझ्या हातात आहे."

कमरेला दोरी बांधून मी पालथी झाले. चिखलाचा वास नाकात भरला. मी हात घालताच भेदरलेल्या टिंगूने माझं मनगट पकडलं, पण दात रुतवले नाहीत. "टिंगू, माझ्या राजा," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुढच्या पायांखालचा चिखल हाताने उपसला, त्याला छातीशी ओढलं. सुटेचना. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तेव्हा मला रडू आलं. मग एकदम तो मोकळा झाला.

"खेचा!" मी ओरडले.

फळीच्या टोकाशी माझे हात गळून गेले. इक्बालभाई वाकले आणि त्यांनी टिंगूला सरळ कुशीत घेतलं. त्याने त्यांची दाढी चाटली.

"इक्बालभाई, तुमचे कपडे..."

"खलास, सोडा ते! कपडे धुता येतात," ते म्हणाले. त्यांनी बाहीने त्याच्या डोळ्यांवरचा चिखल पुसला.

मग आम्ही धक्क्याकडे परत निघालो. इक्बालभाईंनी अंघोळ करून, कपडे बदलून नमाज पढला. मी राणीच्या पाठीवर हात ठेवून पाणी बघत बसले.

दोन दिवस बोटीने जेवढं फिरलो, त्याहून जास्त अंतर गाडीने बघता बघता कापलं. घरी पोचतो तोच इक्बालभाईंचा फोन.

"टिंगूनं खाल्लं काय?"

"खाल्लं. आता घोरतोय."

"अल्हम्दुलिल्लाह. तुमची भाभी केव्हाची विचारतेय."

फोन ठेवला आणि विनयला म्हटलं, इंग्लंडचे कालवे राहिले तरी चालतील. बोटीवर कोण सोबत आहे, त्यावरच सगळा प्रवास असतो.